साय आणि राख

गेल्या सप्टेंबरात आमच्या घरात तीन आठवडे एकच वाद चालला होता. जेवणाच्या टेबलावर पोस्टकार्डाएवढे दोन पुठ्ठे पडलेले असायचे. दोन्ही पांढरे. म्हणजे पांढरे नव्हेत, पांढरट. एक किंचित पिवळसर, दुसरा किंचित करडा. आलेल्या पाहुण्यांना ते दाखवले की ते आधी या पुठ्ठ्याकडे पाहत, मग त्या पुठ्ठ्याकडे आणि शेवटी आमच्या तोंडाकडे. 'एकच तर आहेत' हे वाक्य त्यांनी सभ्यपणे गिळलंय हे स्पष्ट दिसायचं.

पिवळसर रंगाचं जर्मन नाव क्रेमवाइस आणि करड्याचं ग्राउवाइस. आम्ही घरी त्यांची नावं पाडली साय आणि राख. मला साय हवी होती, बायकोला राख. वाद फार तात्त्विक पातळीवर गेला की मी म्हणायचो, "भिंतीला कुणी राख फासतं का?" आणि ती म्हणायची, "सायीला दोन दिवसांत वास येतो." असो.

आता एवढ्याशा गोष्टीवर तीन आठवडे का घालवायचे, हा प्रश्न रास्त आहे. म्युनिकला येऊन मला बारा वर्षं झाली. पीएचडी, मग संशोधनाची नोकरी, लग्न, या काळात चार घरं बदलली. चारही भाड्याची, चारही पांढऱ्या भिंतींची. भाड्याच्या घराचा रंग आपण निवडत नसतो, तो परत करायचा असतो (त्याबद्दल पुढे सांगतो). गेल्या वर्षी आम्ही गीझिंग भागात एक छोटा फ्लॅट घेतला. कर्जाच्या कागदांवर सह्या करताना मला काही विशेष वाटलं नव्हतं. पण रंगाच्या दुकानातल्या माणसाने "कुठला रंग?" असं विचारलं तेव्हा एकदम जाणवलं, की या देशात हा प्रश्न मला पहिल्यांदाच विचारला गेला आहे.

मला साय हवी होती त्याचं कारण आजोळ. राजापूर तालुक्यात आजीचं जांभ्या चिऱ्याचं घर होतं. आतून गिलावा, त्यावर दर दिवाळीआधी चुना, खाली गेरूचा पट्टा. त्या भिंती माझ्या डोळ्यांसमोर अगदी लख्ख होत्या आणि त्या सायीच्या रंगाच्या होत्या, उबदार, जरा पिवळट. याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. वाचकांनी एवढं लक्षात ठेवावं.

त्याच सुमाराला आई तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आली होती. तिच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आदल्या मार्चमध्ये झालं होतं, दुसऱ्याचं परत गेल्यावर व्हायचं होतं. याचाही पुढे संबंध येणार आहे.

मी संशोधन करणारा माणूस, म्हणजे साध्या प्रश्नाला अवघड उत्तर शोधण्याचा पगार घेणारा. त्यामुळे रंग निवडायचं सोडून मी भलत्याच प्रश्नाच्या मागे लागलो. दुकानात शेकडो रंग असताना आमच्यासमोर शेवटी हे दोनच आणि इतके सारखे मळखाऊ रंग का उरले? ते मुळात आले कुठून?

पहिलं उत्तर रसायनशास्त्राचं आहे आणि ते बरंचसं म्युनिकमध्येच सापडतं.

भिंतीला शेकडो वर्षं चुनाच लावला जायचा, युरोपात आणि आपल्याकडेही. ओला चुना भयंकर अल्कली असतो. कळीचा चुना पिंपात भिजत घातला की तो कसा रटरटतो आणि मोठी माणसं पोरांना कशी लांब पिटाळतात, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. या चुन्यात फुलापानांचे बहुतेक रंग टिकत नाहीत, ते जळून जातात. टिकतात ती मुख्यतः माती आणि खनिजं. पिवळी माती, गेरू, हिरवट माती, कोळशाची काजळी. जुन्या युरोपीय घरांचे 'सुसंस्कृत' मंद रंग आपण कौतुकाने बघतो. त्यात अभिरुचीचा वाटा असेलच, पण निम्मी निवड चुन्याने आधीच करून ठेवलेली होती.

योहान नेपोमुक फॉन फुक्स हे बायर्नमधले खनिजशास्त्रज्ञ. १८१८ साली त्यांनी वॉटरग्लास, म्हणजे पाण्यात विरघळणारी काच, शोधून काढली. इथलं राष्ट्रीय नाट्यगृह १८२३ साली जळून खाक झालं. १८२५ मध्ये ते पुन्हा उभं राहिलं तेव्हा लाकूड पेटू नये म्हणून त्यावर या पातळ काचेचा हात दिलेला होता. तीच काच रंगात मिसळली तर? फुक्सनी तेही करून पाहिलं, पण ते पक्कं जमवलं आडोल्फ विल्हेल्म काइम यांनी. त्यांना १८७८ साली या खनिज रंगांचं पेटंट मिळालं. साधा रंग भिंतीवर सालीसारखा बसतो आणि सालीसारखाच निघतो. काइमचा रंग गिलाव्यातल्या चुन्याशी रासायनिक क्रिया करून भिंतीचाच भाग होतो. स्वित्झर्लंडमधल्या श्वित्स गावात नगरभवनाच्या दर्शनी भिंतीवर १८९१ साली या रंगांनी काढलेली चित्रं आजही पाहता येतात. पण हा रंगही अल्कलीच. म्हणजे टिकाऊपणा हवा असेल तर पुन्हा माती आणि खनिजंच, पुन्हा तीच मंद रंगपेटी.

भडक रंग नव्हतेच असं नाही. बायर्नमधल्याच श्वाइनफुर्ट गावात १८१४ पासून एक झगझगीत हिरवा रंग बनू लागला आणि त्याच गावाच्या नावाने प्रसिद्ध झाला. घराघरांत त्याचे वॉलपेपर लागले. तो बनायचा तांबं आणि आर्सेनिक यांच्यापासून! दमट भिंतीवर वाढणारी बुरशी त्यातून आर्सेनिकचा वायू सोडू शकते हेही पुढे सिद्ध झालं. १८८७ साली जर्मनीत अशा विषारी रंगांवर कायद्याने बंदी आली. भडक भिंतीविषयी इथल्या मध्यमवर्गाच्या मनात जी अढी दिसते, तिच्यामागे शिष्टपणाबरोबर ही भीतीही मुरलेली असावी असं मला वाटतं.

आणखी एक बारीकशी गोष्ट. आपण आज ज्याला 'पांढराशुभ्र' म्हणतो तो टायटॅनियम डायॉक्साइडचा पांढरा. हा नॉर्वे आणि अमेरिकेत १९१६ च्या सुमाराला कारखान्यात बनू लागला. त्याआधी पांढरा म्हणजे चुन्याचा, शिशाचा किंवा जस्ताचा. म्हणजे आपल्या पणजोबांचा पांढरा आज दुकानात नेला तर तिथला माणूस त्याला ऑफ-व्हाइटच्या कप्प्यात टाकेल.

दुसरं उत्तर आकड्यांचं. १९२५ साली जर्मनीत मालपुरवठ्याच्या अटी ठरवणारी एक समिती स्थापन झाली. तिच्या लांबलचक नावाची आद्याक्षरं म्हणजे राल. तोवर कारखानदाराला 'अमुक हिरवा पाठवा' असं कळवायचं तर सोबत नमुना पाठवावा लागे. या समितीने १९२७ साली चाळीस रंगांचा तक्ता काढला आणि प्रत्येक रंगाला आकडा दिला. नमुन्याऐवजी आकडा पाठवा, काम झालं. आज त्या तक्त्यात दोनशेहून जास्त रंग आहेत. आमची साय म्हणजे राल ९००१ आणि राख म्हणजे राल ९००२. तीन आठवड्यांच्या वादाचं मोजमाप करायचं तर शेवटच्या घरातला एक आकडा!

आकड्यांतला पहिला अंक कुळ सांगतो. एकने सुरू होणारे पिवळे, नऊने सुरू होणारे पांढरे आणि काळे. गंमत म्हणजे याच तक्त्यात 'पेर्लवाइस', म्हणजे मोतिया पांढरा, नावाचा रंग आहे आणि त्याचा आकडा आहे १०१३. नावाने पांढरा, कुळाने पिवळा. त्याच कुळातला १०१५ म्हणजे फिका हस्तिदंती, जर्मनीतल्या टॅक्सीचा रंग. १९७१ पासून तो टॅक्सींना सक्तीचा झाला. पुढे बऱ्याच राज्यांनी सक्ती सैल केली, तरी बहुतेक टॅक्सी अजून त्याच रंगाच्या दिसतात. विमानतळातून बाहेर पडल्यावर आई टॅक्सींची रांग बघून म्हणाली होती, "सगळ्यांनी एकाच ताग्यातलं कापड घेतलंय वाटतं." रालचं यापेक्षा चांगलं वर्णन मला कुठे सापडलेलं नाही.

तिसरं उत्तर कायद्याचं. जर्मनीत निम्म्याहून जास्त लोक भाड्याने राहतात आणि घर सोडताना भिंतींवरून होणारे तंटे हा इथल्या न्यायालयांचा नेहमीचा रतीब आहे. आमच्या एका जुन्या घरमालकांनी ताबा परत घेताना बॅटरी लावून भिंती तपासल्या होत्या. एका कोपऱ्यात आम्ही फिका पिवळा दिला होता, तो झाकायला दोन हात पांढरे मारावे लागले. अनामत रकमेच्या काळजीने ते मी स्वतः रात्री अकरापर्यंत मारले. 'चुना लावणे' या वाक्प्रचाराचे दोन्ही अर्थ त्या रात्री एकदम उमगले :)

पण सगळा न्याय घरमालकांच्याच बाजूने आहे असं नाही. कार्ल्सरूहला दिवाणी दाव्यांचं सर्वोच्च न्यायालय आहे. 'घर सोडताना भिंती पांढऱ्याच रंगवून द्याव्यात' असं कलम भाडेकरूवर अन्याय करणारं आहे आणि म्हणून टिकणार नाही, असं या न्यायालयाने २०१० साली ठरवलं. कारण काय, तर फिक्या, सौम्य रंगांमध्येही निवड असते आणि ती मुभा भाडेकरूला असली पाहिजे. पुढे २०१३ साली त्याच न्यायालयाने दुसरी बाजूही सांगितली. पांढरं मिळालेलं घर लाल, पिवळं, निळं करून परत दिलं तर भाडेकरूने भरपाई दिली पाहिजे. थोडक्यात, पांढरा आणि पांढरट यांत फरक आहे, हे इथल्या सर्वोच्च न्यायालयाने लेखी मान्य केलेलं आहे. पाहुण्यांना हे सांगायला मला फार आवडतं.

हे सगळं वाचून झालं तरी साय की राख हे ठरेना. तेव्हा एका रविवारी आम्ही तिघं ग्लिप्टोथेक बघायला गेलो.

क्योनिग्सप्लात्सवरचं हे प्राचीन शिल्पांचं संग्रहालय. राजपुत्र लुडविगने (पुढे तो राजा झाला) लेओ फॉन क्लेंत्सेकडून ते १८१६ ते १८३० या काळात बांधून घेतलं. आत भिंतींचा रंग कसा असावा यावर तेव्हाही वाद झाला होता! क्लेंत्सेला दालनं भरजरी हवी होती. रंगीत गिलावा, सोनेरी नक्षीची छतं. लुडविगसाठी शिल्पं विकत घेणारा मार्टिन फॉन वाग्नर म्हणत होता की भिंती साध्या ठेवा, नाहीतर लोक शिल्पं सोडून भिंतीच बघत बसतील. क्लेंत्से जिंकला. सव्वाशे वर्षांनी दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांत ते सगळं सोनं आणि रंग गेले. फेरबांधणी करणाऱ्या योझेफ वीडमन या वास्तुविशारदाने जुनी सजावट परत केली नाही. विटांच्या भिंती तशाच ठेवून त्यांवर चुन्याचा एक पातळ हात दिला. आतली वीट दिसेल न दिसेल इतपत. १९७२ च्या वसंतात संग्रहालय उघडलं. वाग्नर जिंकला, पण त्यासाठी मध्ये केवढं युद्ध व्हावं लागलं.

१९७२ हे म्युनिकच्या ऑलिंपिकचंही वर्ष. त्या खेळांचे रंग ओट्ल आयशर या आरेखनकाराने ठरवले. फिका निळा, फिका हिरवा, चंदेरी. लाल, काळा आणि सोनेरी त्याने जाणूनबुजून वगळले, कारण १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकची आठवणही त्याला नको होती. एकाच शहराने एकाच वर्षी दोनदा आवाज खाली आणला. त्यामुळे मळखाऊ रंग म्हणजे भित्रेपणा, असं मला आता सरसकट म्हणवत नाही. काही वेळा तो विचार करून घेतलेला निर्णय असतो.

आईने मात्र त्या प्रसिद्ध भिंतीवरून हात फिरवल्यासारखं केलं (हात लावायला अर्थातच बंदी आहे) आणि विचारलं, "अरे, यांचा गिलावा करायचा राहिलाय का?"

मी तिला वीडमन सांगितला, वाग्नर सांगितला. मग आम्ही आयगिना बेटावरच्या देवळातल्या योद्ध्यांसमोर आलो. संगमरवर, पांढराशुभ्र. मी म्हटलं, हे मुळात असे नव्हतेच. १८११ साली ते खणून काढणाऱ्यांनीच त्यांवर रंगाच्या खुणा पाहिल्या होत्या. तरी पुढे शंभर-दीडशे वर्षं लोकांनी गोरं ग्रीस हेच खरं मानलं. २००३ साली याच संग्रहालयात 'रंगीत देव' नावाचं प्रदर्शन भरलं तेव्हा यातला धनुर्धारी अंगभर लाल, निळ्या, पिवळ्या नक्षीची विजार घालून उभा होता आणि लोक हादरले होते. ज्या पांढऱ्या रंगाला युरोपने अभिजात मानलं, तो मुळात उडून गेलेला रंग होता.

आई ऐकत होती. मग सहज म्हणाली, "तुझंही तसंच झालंय. आपल्या घरच्या भिंती पिवळट होत्या असं तुला कोणी सांगितलं?"

मी म्हटलं, मला आठवतंय.

"पिवळट कशा असतील? चुन्यात नीळ घालायचो ना आपण. पुरचुंडीत बांधून पिंपात फिरवायची. ज्याच्या घरची भिंत पिवळी, त्याच्या घरी नीळ विसरले असं म्हणायचे लोक. तुझी आजी चुना काढणाऱ्याला दोनदा विचारायची, नीळ घातलीस का म्हणून."

ग्लिप्टोथेकच्या बाकावर मी बराच वेळ बसून राहिलो. बायकोने त्या वेळी एकही शब्द काढला नाही, याची इथे कृतज्ञतापूर्वक नोंद करतो.

घरी आल्यावर नीळ म्हणजे काय ते धुंडाळलं. खरी नीळ, म्हणजे झाडापासून होणारी, हिची रासायनिक रचना १८८३ साली ज्यांनी उलगडली ते आडोल्फ फॉन बायर म्युनिक विद्यापीठातच प्राध्यापक होते. १८९७ पासून कारखान्यातली नीळ बाजारात आली आणि आपल्याकडची नीळशेती बसत गेली. पण कपड्यांना आणि चुन्यात घालायची पुडीतली नीळ बहुधा ही नव्हे, ती अल्ट्रामरीन. पूर्वी ती अफगाणिस्तानातल्या लाजवर्द दगडापासून करत आणि ती मिळणं राजेरजवाड्यांनाच परवडे. १८२४ साली फ्रान्समध्ये ती स्वस्तात बनवणाऱ्याला सहा हजार फ्रँकचं बक्षीस जाहीर झालं. १८२८ पर्यंत तिकडे गिमे आणि इकडे जर्मनीत ट्युबिंगेनचे ख्रिस्तियान ग्मेलिन अशा दोघांनी ती साधली. १८३४ मध्ये कार्ल लेव्हरकुस याने तिचा कारखाना काढला. आजचं लेव्हरकुसन शहर त्याच्याच नावाचं. ही नीळ अल्कलीला दाद देत नाही, म्हणून चुन्यात टिकते. आजीच्या पुरचुंडीतली नीळ नेमकी कुठल्या कारखान्यातली होती ते सांगता येणार नाही, पण तिची कृती या देशातही लिहिली गेली होती.

नीळ काय करते? चुना जात्याच किंचित पिवळट. पिवळ्यात चिमूटभर निळा घातला की दोन्ही एकमेकांना खातात. भिंत एकूण कमी प्रकाश परत पाठवते. म्हणजे यंत्राने मोजली तर ती आधीपेक्षा काळवंडलेली असते. पण डोळ्याला मात्र जास्त पांढरी दिसते. थोडक्यात, आजोळच्या भिंतीचा रंग राखेच्या बाजूचा होता. सायीच्या बाजूचा नव्हे.

मग माझी आठवण खोटी का? आम्ही तिकडे जायचो मे महिन्यात. दिवसभर बाहेर उंडारायचं आणि संध्याकाळी घरात यायचं. तेव्हा पिवळा बल्ब तरी असायचा, नाहीतर वीज गेली म्हणून कंदील. मला जी भिंत आठवत होती ती नीळ घातलेली भिंत अधिक पिवळा उजेड अशी होती. मी उजेडाचा रंग भिंतीच्या नावावर लावून टाकला होता.

दुसऱ्या दिवशी आईसमोर दोन्ही पुठ्ठे ठेवले. पदराने आधी एक डोळा झाकायला सांगितला, मग दुसरा. मोतीबिंदू झालेलं भिंग पिवळट होतं आणि निळा उजेड आत सोडत नाही. नव्या भिंगाने तो सगळा आत येतो. मोतीबिंदूच्या डोळ्याने तिला दोन्ही पुठ्ठे सायच दिसले. नव्या डोळ्याने तिने राखेवर बोट ठेवलं. "ही आपली. नीळ बरोबर पडलेली." मग जरा थांबून म्हणाली, "म्हणजे एवढी वर्षं मलाही सगळं पिवळंच दिसत होतं की रे. मला वाटायचं, हल्ली रंगच चांगले येत नाहीत."

शेवटी मी अभियंत्याला शोभेल असं केलं. दोन्ही रंगांचे छोटे डबे आणून तीन भिंतींवर मीटरभराचे चौकोन रंगवले आणि चार दिवस पाहिले. आमची बैठकीची खोली उत्तरेकडची. तिथे थेट ऊन येत नाही, आभाळाचा निळसर उजेड येतो. म्युनिक अठ्ठेचाळीस अक्षांशांवर. डिसेंबरच्या शेवटी भर दुपारी सूर्य साडेअठरा अंशांवर येतो आणि दिवस सव्वाआठ तासांच्या आसपास. रत्नागिरीला तेव्हा तो जवळजवळ पन्नास अंशांवर असतो. म्हणजे हिवाळ्यात आम्ही ही भिंत बघणार ती मुख्यतः दिव्याच्या उजेडात.

दिवसा साय बरी दिसली, राख जरा गारठलेली. संध्याकाळी दिवे लावले आणि चित्र पालटलं. साय इतकी पिवळी झाली की बायको म्हणाली, "श्रीखंड." आणि राख... राख त्या पिवळ्या उजेडात हळूच उबदार झाली. नीळ घातलेली भिंत अधिक पिवळा दिवा. मला जी भिंत हवी होती ती समोर होती आणि ती बायकोच्या पुठ्ठ्यातून आली होती. मी लेखी हार मान्य केली.

ऑक्टोबरमध्ये आम्ही दोघांनीच रंग दिला. आई खुर्चीत बसून सूचना देत होती. कोपरा सुटला, वरून खाली ओढा, डबा ढवळत राहा. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी काम संपलं. हात धूत होतो तेव्हा तिने विचारलं, "इथे पुन्हा कधी काढतात रंग? दर दिवाळीला नाही ना काढत?"

"नाही गं. दहा-एक वर्षं बघायला नको."

"दहा," ती म्हणाली. मग बराच वेळ भिंतीकडे बघत बसली. आम्ही फ्लॅट घेतला तेव्हा तिने फोनवर अभिनंदन केलं होतं, पेढे वाटले होते. परत कधी येणार, हे तेव्हाही विचारलं नाही आणि आताही नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "आजीच्या घराला चार वर्षांत चुना नाही लागला. कुलूपच आहे. गेल्यावर बघते कोणी मिळतंय का."

नोव्हेंबरात ती गेली. डिसेंबरात दुसरा डोळा झाला. व्हिडिओवर तिला भिंत दाखवली, पण फोनचा कॅमेरा पांढरं म्हणजे काय हे त्याचं तोच ठरवतो. तिला ती रुग्णालयाच्या भिंतीसारखी दिसली म्हणे. "ते काही नाही, दोन्ही डोळ्यांनी तिथेच येऊन बघायला पाहिजे," असं म्हणाली. उन्हाळ्यासाठी व्हिसाचे कागद तयार करतोय.

जाण्याआधी तिने एक काम मात्र करून घेतलं. उरलेला रंग टाकू द्यायचा नाही, कुठे ओल आली, ओरखडा पडला तर लागतो. डब्यावर लिहून ठेव, नाहीतर विसरशील. मी चिकटपट्टी लावून तारीख लिहिली, खोली लिहिली आणि आकडा लिहिला, राल ९००२. तिने तो वाचला आणि म्हणाली, "त्याच्याखाली मराठीत लिही. नीळ घातलेला."

तसं लिहिलं आहे. डबा तळघरात आहे.